चौथी बाजू

गॅरेज कशाला म्हणायचं हे २०१६ च्या केंद्रीय कायद्यात, ज्याला सगळे रेरा म्हणतात त्यात, लिहून ठेवलेलं आहे. प्रकल्पातली अशी जागा, जिच्यावर छप्पर आहे, जिला तीन बाजूंनी भिंती आहेत आणि जिथे वाहन ठेवता येतं. उघड्यावरची, भिंती नसलेली जागा गॅरेज होत नाही, हेही तिथेच स्पष्ट केलेलं आहे. छप्पर झालं, तीन भिंती झाल्या. चौथ्या बाजूविषयी व्याख्या काही बोलत नाही. तिथे लोखंडी शटर असो, लाकडी दार असो, जाळीचं फाटक असो की काहीच नसो, कायद्याच्या दृष्टीने गॅरेज ते गॅरेजच.

माणसांची भांडणं मात्र त्या चौथ्या बाजूवरूनच होतात. भिंती एकदा बांधल्या की कुणी त्यांच्याकडे पाहत नाही. दार रोज उघडतं, रोज वाजतं, रोज समोरच्याला दिसतं. आतल्या अंगाने ते आपलं आणि बाहेरच्या अंगाने सगळ्या गल्लीचं. त्यामुळे ते बदलायचं झालं तर कुणाला विचारावं, आणि ज्याला विचारायचं त्याने नेमकं काय बघून हो किंवा नाही म्हणावं, हा प्रश्न मला गेलं वर्षभर सोडत नाहीये.

गोंदिया शहराच्या कडेला, जिथे माझ्या लग्नाच्या सुमारास धानाच्या बांध्या होत्या, तिथे पुढे लेआऊट पडला आणि जोडीजोडीने घरं उभी राहिली. दोन घरांत एक भिंत, आणि समोर दोन गॅरेजांच्या मध्ये एक सामायिक खांब. प्रत्येक गॅरेजला निळं गुंडाळी शटर. आमच्यातल्या बऱ्याच घरांचं एक पाऊल अजून गावात आहे, आमचंही आहे. सडक अर्जुनी तालुक्यात थोडी शेती आहे. मळणी झाली की वर्षाचं धान पोत्यांनी घरी येतं आणि लागेल तसं मिलमध्ये नेऊन भरडून आणायचं. ही पोती गॅरेजमध्ये राहतात. शेजारी दोन दुचाक्या, एक सायकल. चारचाकी आमच्याकडे नाही. गल्लीतल्या कितीतरी शटरांमागे असंच आहे: बिल्डरच्या नकाशावर मोटार, प्रत्यक्षात वर्षाचं अन्न. बहुतेक पोत्यांत एचएमटी असतो, आणि घरच्यांच्या हौसेपुरता थोडा चिन्नोर. एचएमटीचं नाव निघालं की मला दादाजी खोब्रागडे आठवतातच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे हे अल्पभूधारक शेतकरी. त्यांनी स्वतःच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपून हे वाण निवडलं, आणि ते २०१८ मध्ये गेले. त्यांचा तांदूळ ज्या घरात शिजतो त्या घरातल्या प्रत्येकाला त्यांचं नाव माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडचा पाऊस लोखंडाला टिकू देत नाही. शटरच्या खालच्या पट्ट्या गंजून कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या आणि मधली एक पट्टी खाचेतून निसटत होती. पण खरी अडचण आतली होती. उन्हाळ्यात शटर इतकं तापतं की हात लावता येत नाही आणि आत कोंदट उष्मा भरून राहतो. पावसाळ्यात दिवसचे दिवस ते बंद असतं, आतल्या बाजूने पाणी ठिबकतं आणि खालच्या पोत्यांना वास धरू लागतो. साठवणीच्या धानात ओलावा १४ टक्क्यांच्या आत असावा, त्याच्या वर गेला की बुरशी आणि कीड लागते. सासूबाईंना टक्क्यांचं काही सांगावं लागत नाही. त्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात, मूठभर धान बाहेर काढून दाताखाली दाबतात आणि सांगतात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दाराला वारा पाहिजे. गावी बांबूची ढोली असायची, बाहेरून शेणाने सारवलेली. तिच्यातून धान थोडं थोडं श्वास घेत राहायचं. लोखंडी पत्र्यामागे ते घुसमटतं.

म्हणून ठरलं की शटर बदलायचं आणि नव्याला वरच्या भागात जाळी ठेवायची. वसाहतीच्या गृहनिर्माण संस्थेकडे रीतसर अर्ज केला. उत्तरात रंगाचा क्रमांक होता, पट्टीची रुंदी होती, आणि एक ओळ होती की मूळ नमुन्यात बदल चालणार नाही, जाळीला परवानगी नाही.

मी चिडले नाही. परवानगी मागायला लावणं मला गैर वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. आमची संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली आहे, आणि राज्याच्या आदर्श उपविधींमध्येही हेच आहे की समितीच्या लेखी परवानगीवाचून सभासदाने घरात भर घालू नये, फेरफार करू नये. दुसरी वाट १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याची. तो आणखी पुढे जातो: इमारतीच्या मजबुतीला धोका होईल किंवा मालमत्तेची किंमत कमी होईल असं काम बाकीच्या सगळ्या मालकांच्या एकमुखी संमतीशिवाय करता येत नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या उपविधींत तर खिडकीतून, सज्जातून किंवा दर्शनी बाजूवर कपडे, सतरंज्या वाळत घालू नयेत, असंही आहे. विदर्भाच्या उन्हात राहणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटेल ते सांगायला नको. दोरीवरचं धुणं आम्हाला कुरूप दिसत नाही. ते घरात माणसं असल्याची खूण आहे.

तरीही नियमांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते आधी बोललं पाहिजे. सामायिक घरांची ही कल्पना आपल्याकडे १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला रुजली. श्रीपाद सुब्राव तालमकींच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. एकट्याच्या पगारात जे घर झालं नसतं ते अनेकांनी मिळून उभं केलं. जे मिळून उभं राहिलं त्यावर एकट्याचं मन चालणार नाही, हे ओघानेच आलं. आणि नियम नसले की काय होतं हेही मुंबईनेच दाखवलं. दहिसरच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इमारतीखालची, खांबांमधली जागा गॅरेज म्हणून स्वतंत्र विकण्याचा आपल्याला हक्क आहे, असं बांधकाम कंपनीचं म्हणणं होतं. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने निकाल दिला की घर घेणारा साधा माणूस असल्या जागेला गॅरेज समजणार नाही. ती सामायिक जागा आहे आणि बिल्डरला ती विकता येणार नाही. हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. कायद्याच्या भाषेत अडकलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना न्यायाधीशांनी घर विकत घेणाऱ्या सामान्य माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आज आदर्श उपविधीही सांगतात की पार्किंगची जागा कुणालाही विकता येत नाही, आणि गाड्या जास्त अन् जागा कमी असेल तर दरवर्षी सोडत काढावी.

न विकता येणारी, पण वापरता येणारी गोष्ट. ही कल्पना गोंदियाला कुणी मुंबईहून शिकवायची गरज नव्हती. आमच्या मुलखात ती फार जुनी आहे. तिचं नाव निस्तार.

१ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सगळा भाग भंडाऱ्यात होता, आणि १९५६ पर्यंत मध्य प्रांताच्या, मग मध्य प्रदेशाच्या कारभारात. इथली जमीन मालगुजारीची. गावाचा मालगुजार सरकारात सारा भरायचा. गावाभोवतालचं जंगल, तलाव, पडीक जमीन त्याच्या ताब्यात असायची. पण गावकऱ्याला जगायला लागणाऱ्या गोष्टींवर गावकऱ्याचाही वहिवाटीचा हक्क असायचा: घराला लाकूड, चुलीला जळण, गुरांना चराई, भिंतीला माती, अंगणाला मुरूम. आबादीत घर बांधायला जागा. गावाच्या चालीरीती, पाण्याच्या वाटा, जाण्यायेण्याचे रस्ते, मासे धरण्याचे हक्क ज्या कागदात नोंदले जात त्याला वाजिब-उल-अर्ज म्हणत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले. आज ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ते हेच. पण निस्तार संपला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्हींची कलमं आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये निस्तार हा शब्द नावानिशी आला आहे.

माझ्या सासरच्या जुन्या घराचं दार निस्ताराच्या लाकडाचं होतं. जाड, बुटकं, बिजाच्या फळ्यांचं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ते आधीच काळं पडलेलं होतं, असं त्या सांगतात. त्या लाकडाला अटी होत्या. स्वतःच्या घरापुरतंच तोडायचं. विकायचं नाही. लागेल तेवढंच न्यायचं. वाढई गावचाच, त्याचं देणं वर्षाच्या धानातून. दार आतच उघडलं पाहिजे, कारण बाहेर उघडलं तर गल्लीतून धानाची बंडी निघायची नाही. बंडी कुणीही आपल्या दारात सोडावी, पण तिची दांडी गल्लीत आडवी यायला नको. पागोळ्यांचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणार नाही इतकंच छप्पर पुढे काढायचं. हे सगळं कुठल्या कागदावर होतं की नव्हतं, ते सासूबाईंना सांगता येत नाही. त्यांना एवढंच माहीत की सगळे तसं करत.

या अटींकडे मी आता नीट पाहते तेव्हा दोन गोष्टी दिसतात. एक, दार कसं दिसावं याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. कुणी दाराला गेरू लावला, कुणी डांबर फासलं, कुणी चौकटीवर मोर कोरला, कुणाला त्याचं काही नव्हतं. अटी सगळ्या दुसऱ्याला सोसावं लागेल एवढ्यापुरत्या होत्या: वाट अडेल का, पाणी कुठे पडेल, जंगल उरेल का. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जो व्यवहार अट घालत होता तोच लाकूडही देत होता. गावाने तुझ्या दारावर हक्क सांगितला, कारण ते दार गावाच्या जंगलातून आलं होतं. देणं आणि अडवणं एकाच हाताचं होतं, म्हणून अडवणं पटायचं. आमच्या संस्थेच्या पत्रात रंगाचा क्रमांक आला. शटरचं लोखंड, कारागीर, मजुरी, गंज, आतलं धान हे सगळं ज्याचं त्याचं.

पण त्या गावाचं गुणगान करून मी इथे थांबले तर ते खोटं होईल. त्याच गावात आणखीही नियम होते आणि तेही कुठे लिहिलेले नव्हते. मालगुजाराच्या देवडीसमोरून जाताना वहाणा कुणी हातात घ्यायच्या, देवडीच्या आत कुणी यायचं आणि कुणी बाहेरूनच हाक मारायची, कुणाची घरं आबादीपासून दूर टोल्यावर असायची, कुणी कोणत्या घाटावर पाणी भरायचं. दार लाकडाचंच होतं, पण ते काही माणसांसाठी कधी उघडतच नव्हतं. आणि न लिहिलेल्या नियमाविरुद्ध दाद कुठे मागणार? ज्याने तो मोडला त्याला मार मिळायचा. ज्याने तो केला त्याचं नाव कुठेच नसायचं. म्हणून लेखी नियमाबद्दल मला आदर आहे, अगदी निळ्या शटरच्या नियमाबद्दलही. तो वाचता येतो. त्यावर तारीख असते, सही असते. त्याच्यापुढे उभं राहून हे का, असं विचारता येतं.

लिहिल्याने नियम चांगला होतोच असं मात्र नाही. अमेरिकेत १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं. एकसारखी हजारो घरं, परतलेल्या सैनिकांना परवडणारी. करारात कुंपण घालू नये, गवत कापलेलं असावं, असल्या अटी होत्या. त्याच कागदात अशीही अट होती की गोऱ्यांशिवाय कुणी इथे राहू नये. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असल्या वर्णाच्या अटी न्यायालयं अमलात आणून देणार नाहीत. कागदावरून त्या पुसल्या जायला, मनातून जायला, आणखी पुष्कळ काळ लागला. आपल्याकडे २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. लहान समाजाला एकत्र राहावंसं वाटतं हे मी समजू शकते. पण घर शोधत फिरताना आडनाव सांगितल्यावर ज्यांचं चहाचं आमंत्रण मागे घेतलं गेलं अशा माणसांना मी ओळखते, आणि तो निकाल मला मान्य होत नाही.

माझा भाचा टेक्सासमध्ये, डॅलसच्या बाजूला राहतो. तिकडे गारा पडतात, आमच्या लिंबाएवढ्या. एका वादळात त्याच्या गॅरेजच्या दाराला पोचेच पोचे पडले. दार बदलायचं तर वसाहतीच्या समितीकडे अर्ज: फोटो, रंगाचा नमुना, पट्ट्यांची नक्षी, वर काचेच्या खिडक्या हव्यात की नकोत. तो म्हणाला, "मावशी, इथे घराच्या तोंडावर निम्मं तर गॅरेजचं दारच असतं. ते वेगळं झालं की सगळी रांग वेगळी दिसते." ते मला पटलं. तिकडे गाडी घराइतकीच महत्त्वाची. १९२१ च्या सुमारास सी. जी. जॉन्सन नावाच्या माणसाने वर सरकणारं दार केलं आणि पाच वर्षांत त्याला विजेची मोटार जोडली. पुढे गॅरेज मागच्या अंगणातून घरालाच येऊन चिकटलं. आपल्याकडे जशी दर्शनी ओसरी, तसं तिकडे ते दार झालं. त्यावर लोकांचं लक्ष असणारच.

पण नजर कुठवर जाते? २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न ग्रीन्स नावाच्या वसाहतीने नियम केला की सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते दुपारी चार गॅरेजची दारं उघडी ठेवावीत, नाहीतर २०० डॉलर दंड. कारण, कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये माणसं राहू दिली होती. घर न परवडणारी माणसं गॅरेजमध्ये राहतात, ही त्या गावापुढची अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून सगळ्यांची दारं दिवसभर सताड उघडी. लोक संतापले आणि ते मला साहजिक वाटतं. दाराचं पहिलं काम बंद होणं हे आहे.

शिकागोत शोअरलाइन टॉवर्स नावाच्या इमारतीत नियम होता की दाराबाहेर कुठलीही वस्तू ठेवू नये. चपला नकोत, पायपुसणी नकोत. नियम साधा होता, स्वच्छतेचा. मग तोच नियम ज्यूंच्या चौकटीवरच्या मेझुझाला लावला गेला. लांबट डबीत धर्मवचनं ठेवून ती उंबऱ्याच्या चौकटीला लावतात, ती. ब्लॉक कुटुंबाच्या दारावरची मेझुझा पुन्हा पुन्हा काढून टाकली गेली, घरातला कर्ता माणूस गेला त्या सुतकाच्या दिवसांतही. कुटुंब न्यायालयात गेलं, आणि २००९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की हा जाणूनबुजून केलेला भेदभाव होता का, हे खटला चालवून तपासलं गेलं पाहिजे. टेक्सासमध्ये २०११ मध्ये कायदा झाला की दारावर धर्मचिन्ह लावू द्यावं, पण सगळं मिळून २५ चौरस इंचांपेक्षा मोठं असेल तर वसाहतीला मनाई करता येईल. भाच्याने एका दसऱ्याला मला विचारलं होतं की तोरण केवढं असावं. पाच इंच लांब, पाच इंच रुंद चौकटीत आंब्याची किती पानं बसतात ते त्याने करून पाहिलं असणार. २०२१ मध्ये टेक्सासने ती मापाची अट काढून टाकली.

आमच्या सभेत मी हे सगळं सांगितलं नाही. सभा वसाहतीतल्या मोकळ्या जागेत, कडुलिंबाखाली असते, आणि तिथे लांब बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. आधी सचिवांचं ऐकलं. ते म्हणाले, "वहिनी, तुमची जाळी वाईट नाही. पण आज तुम्ही जाळी लावाल, उद्या कुणी अर्धी भिंत बांधेल, परवा कुणी शटरच्या जागी काउंटर करून दुकान काढेल. मग कुणाला काय म्हणणार?" हे मला मोलाचं वाटलं. पलीकडच्या लेआऊटमध्ये एका गॅरेजमध्ये आटाचक्की सुरू झाली आहे आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना दुपारी डोळा लागत नाही. ती चक्की थांबवायला नियम लागतोच. शिवाय सचिवांचं काम बिनपगारी आहे. प्रत्येक अर्जावर नव्याने विचार करत बसण्यापेक्षा एक रंग, एक नमुना ठरवून टाकणं त्यांना सोयीचं पडतं, आणि फुकट राबणाऱ्या माणसाला सोय हवी असणं काही गैर नाही.

पण मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. पत्रात रंग होता, खांब नव्हता. दोन गॅरेजांमधला खांब सामायिक आहे. नवं शटर बसवायचं म्हणजे बाजूच्या लोखंडी खाचा त्या खांबात बोल्ट मारून बसवायच्या. वरच्या नळीत कडक स्प्रिंग असते, ती सगळं वजन तोलून धरते, आणि त्या नळीचे कंस दोन्हीकडच्या खांबांवर येतात. एकाने खोल भोक पाडलं तर दुसऱ्याच्या घराचं काँक्रीट फुटू शकतं, आतली सळई उघडी पडून गंजू शकते. हे कुणी विचारलंच नाही. पहाटे शटर वर जाताना सगळी गल्ली जागी होते, त्याबद्दल एक ओळ नाही. शटरसमोर उतार करताना लोक नालीवर सिमेंट ओततात आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी खालच्या घरांत शिरतं, त्याबद्दलही नाही. जे शेजाऱ्याला खरोखर सोसावं लागतं ते सगळं मोकळं, आणि जे कुणाला सोसावं लागत नाही तेवढं बांधलेलं. रंग एक ठेवा, हरकत नाही, आम्ही निळाच देऊ. पण वाऱ्याला का अडवता?

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागे बसलेल्या बायकांमधून एकीने विचारलं की जाळी किती वर. मग दुसरीने सांगितलं की तिच्याही पोत्यांना गेल्या वर्षी किडे झाले. मग बोलायला लागल्या त्या थांबेनात. त्यांच्यातल्या कितीजणींनी वर्षानुवर्षं गॅरेजमधलं धान उन्हात घालून, निवडून, पुन्हा भरून ठेवलं होतं, आणि शटरच्या अर्जावर सही मात्र कायम घरातल्या पुरुषाची असते.

शेवटी मार्ग वेल्डिंगवाल्याने काढला, ज्याच्याकडे आमच्या गल्लीतली बहुतेक लोखंडाची कामं असतात. तो म्हणाला की भोकाच्या पट्ट्या मिळतात. त्याच रुंदीच्या, त्याच खाचेत बसणाऱ्या. वरच्या थोड्या पट्ट्या भोकाच्या टाकल्या आणि तळाशी एक, की गरम हवा वरून निघेल आणि गार हवा खालून येईल. लांबून पाहिलं तर शटर तेच दिसेल. सगळ्यांनी मिळून करवलं तर भावातही फरक पडेल. सचिवांनी ते लगेच मान्य केलं, आणि मला दिसलं की त्यांनाही बरं वाटलं. नाही म्हणत राहणं कुणालाच आवडत नाही.

आमच्या शटरचं काम दिवाळीआधी झालं. सासूबाईंनी नव्या पोत्यांत हात घालून पाहिला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून ही पावतीच.

नियमाचं काम अजून व्हायचं आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला मी एक मसुदा लिहिला आहे. त्यात रंगाची ओळ शेवटी आहे. आधी हे आहे: सामायिक खांबाला भोक पाडण्याआधी शेजारच्या घराची लेखी संमती घ्यावी आणि काम दोन्ही घरांच्या समोर व्हावं. नालीवर उतार करू नये, करायचा तर काढता येणारी लोखंडी जाळी टाकावी. दार गल्लीत उघडू नये. गॅरेजमध्ये आवाजाचा धंदा करू नये. हवेसाठी भोकाच्या पट्ट्यांना परवानगी मागावी लागू नये. अर्जावर घरातल्या कुणाही प्रौढ माणसाची सही चालावी. आणि संस्थेने आपल्या बाजूने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सगळ्या शटरांना एकत्र ग्रीस आणि रेड ऑक्साइड करून द्यावं, खर्च देखभाल निधीतून. ही शेवटची अट मी मुद्दाम घातली. संस्थेला दाराबद्दल सांगायचं असेल तर तिने दाराला काहीतरी दिलंही पाहिजे.

मसुदा मी समोरच्या काकाजींना वाचायला दिला. ते निवृत्त आहेत, झोप नाजूक आहे आणि शटरच्या आवाजाचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, खिशातला पेन काढला आणि खाली आपल्या हाताने एक कलम वाढवलं की सकाळी सहाच्या आत कुणी शटर वर करू नये. कागद मला परत देता देता थांबले, पुन्हा जवळ घेतला, आणि पुढे लिहिलं: रोवणीचे दिवस सोडून. त्या दिवसांत अर्ध्या वसाहतीला पहाटेच गावाकडे निघावं लागतं.